चालकुडीचा रिक्षावाला, रुपेरी पडद्याचा मणी



आपल्या वस्त्यांमधून हल्ली दुपारच्या वेळी टीव्हीवर दक्षिणेकडचे चित्रपट हिंदीत डब होऊन लागलेले असतात. मुले जेवणाचे ताट घेऊन समोर बसतात. नायकाचे नाव विचारा, पटकन सांगतील. नायिकेचेही सांगतील. पण नायकाला अडवणारा तो धिप्पाड, सावळा, मोठमोठ्याने हसणारा माणूस कोण, असे विचारले तर घरात कुणालाच सांगता येत नाही. रजनीकांतच्या 'रोबोट' (२०१०) मध्ये पच्चैमुत्तू नावाच्या गावगुंडाच्या छोट्याशा भूमिकेत तो आहे. त्या कलावंताचे नाव कलाभवन मणी. आज या सदरातून आम्ही त्यांची ओळख करून देणार आहोत. कारण ते केरळचे असले तरी आपले आहेत. दलित, कष्टकरी घरात जन्मलेले, रिक्षा चालवलेले, आणि आपल्या माणसांची गाणी गात गात लाखो लोकांचे लाडके झालेले.

मणी यांचा जन्म १ जानेवारी १९७१ रोजी केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातील चालकुडी या गावी झाला. आईवडील मजुरी करणारे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, कमाई तुटपुंजी. अशा घरात पोरगा शाळेत हुशार निघाला नाही तर त्याचे पुढे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मणी यांनी नारळाच्या झाडावर चढण्याचे काम केले, अंगमेहनतीची मिळतील ती कामे केली आणि पुढे चालकुडीच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा चालवली. पण एक गुण अंगात होता. माणसांचे, पशुपक्ष्यांचे, यंत्रांचे हुबेहूब आवाज काढायचे आणि हसता हसता गाणे म्हणायचे.

या गुणाला वाट मिळाली ती कोचीच्या 'कलाभवन' या संस्थेत. फादर आबेल नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी १९६९ साली ही संस्था सुरू केली. आधी गाणे-बजावणे शिकवणाऱ्या या संस्थेतून १९८१ च्या सुमारास नकलाकारांचा ताफा उभा राहिला. केरळात त्याला 'मिमिक्स परेड' म्हणतात. गावोगावच्या जत्रांत, चर्चच्या सणांत, मंदिरांच्या उत्सवांत हे कलावंत रात्र रात्र लोकांना हसवत. जयराम, दिलीप असे पुढे मोठे झालेले नट याच ताफ्यातून आले. रिक्षावाला मणीही तेथे पोहोचला आणि 'कलाभवन मणी' झाला.

या नावाकडे जरा लक्ष द्या. आपल्या देशात माणूस भेटला की लोक आधी आडनाव विचारतात, आडनावावरून जात शोधतात आणि जातीवरून पाट मांडायचा की उंबऱ्याबाहेर उभे करायचे ते ठरवतात. या कलावंतांनी आडनावाच्या जागी आपल्या संस्थेचे नाव लावले. ज्या शाळेने घडवले तिचे नाव तेच आपले कुळ! आम्हांला ही प्रथा फार आवडते.

सिनेमात मणी आले ते १९९५ साली, सिबी मलयिल यांच्या 'अक्षरम्' या चित्रपटातून. भूमिका कोणती? रिक्षावाल्याची! जे रस्त्यावर केले तेच पडद्यावर. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, 'सल्लापम्' आला. लोहितदास यांची पटकथा आणि सुंदर दास यांचे दिग्दर्शन. त्यात मणी राजप्पन नावाचा ताडी काढणारा झाले. नायक वेगळा होता, नायिका मंजू वारियर होती. पण लोक बाहेर पडले ते राजप्पनचे हसणे घेऊन. ते हसणे इतके गाजले की पुढे मणी रंगमंचावर आले की लोक आधी हसण्याचीच फर्माईश करीत.

यानंतर कामांचा ओघ सुरू झाला. मल्याळम, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा चारही भाषांत मणी यांनी कामे केली. कधी नायकाचा मित्र, कधी गडी, कधी पोलीस, कधी गुंड. चरित्र अभिनेत्याचे आयुष्य हे असेच असते. सिनेमाचे ओझे तो वाहतो आणि पोस्टरवर चेहरा दुसऱ्याचा लागतो. आपल्यातल्या गवंड्याने इमारत बांधावी आणि कोनशिलेवर पुढाऱ्याचे नाव कोरले जावे, तसेच हे.

पण एका दिग्दर्शकाने हा नियम मोडला. विनयन यांनी १९९९ साली 'वासंतियुम् लक्ष्मियुम् पिन्ने ञानुम्' या चित्रपटात मणींना थेट नायक केले. गाणे गाऊन पोट भरणारा रामू नावाचा आंधळा गायक त्यांनी उभा केला. तोपर्यंत ज्यांना मणी म्हणजे फक्त विनोद वाटत होता, त्यांचे डोळे या चित्रपटाने ओले केले. राष्ट्रीय पुरस्कारांत मणी यांचा खास उल्लेख झाला आणि केरळ सरकारनेही त्यांना परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार दिला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मात्र दोन्हीकडे त्या वर्षी 'वानप्रस्थम्' साठी मोहनलाल यांना मिळाला. मोहनलाल मोठे नट आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण 'विशेष उल्लेख' हा शब्द ऐकला की आम्हांला आपल्या मुलांच्या बक्षीस समारंभाची आठवण येते. शाबासकी द्यायची, पण पहिल्या पायरीवर उभे करायचे नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवीन नाही. हाच चित्रपट २००१ मध्ये तमिळमध्ये 'काशी' नावाने झाला आणि मणी यांची भूमिका विक्रम या नामवंत नटाने केली. पुन्हा करून बघावी असे मोठ्या नटाला वाटावे, इतकी ती भूमिका मोलाची होती, हे त्यावरून कळते.

विनयन यांच्याच 'करुमाडिक्कुट्टन' (२००१) मध्ये मणी पुन्हा नायक होते. मनाने लहान राहिलेल्या एका भोळ्या माणसाची ती भूमिका होती. लगेच पुढच्या वर्षी तमिळ 'जेमिनी' (२००२) मध्ये ते तेजा नावाचे क्रूर खलनायक झाले. जनावरांच्या नकला करत करत समोरच्याला घाबरवणारा हा खलनायक त्यांनी आपल्या जुन्या नकलाकाराच्या पेटीतूनच काढला होता. फिल्मफेअरने त्यांना तमिळमधील सर्वोत्कृष्ट खलनायकाचा पुरस्कार दिला. जत्रेत चार पैशांसाठी केलेली नकल वाया गेली नाही. हातचा कोणताही हुन्नर वाया जात नाही, हे आपल्या मुलांना सांगावे असे आहे.

मराठी वाचकांना जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण सांगतो. अजय देवगणचा 'दृश्यम' (२०१५) आपण पाहिला असेल. गोव्यातल्या त्या कथेत गायतोंडे नावाचा क्रूर पोलीस आपल्या कमलेश सावंत यांनी केला आहे. तीच भूमिका मूळ मल्याळम 'दृश्यम्' (२०१३) मध्ये कलाभवन षाजोन यांनी केली होती आणि कमल हासन यांच्या तमिळ 'पापनासम्' (२०१५) मध्ये ती कलाभवन मणी यांच्याकडे आली. गायतोंडेचा राग आला होता ना? मग मणी यांनी तमिळ प्रेक्षकांना किती चीड आणली असेल, याचा अंदाज करा. पडद्यावर ज्याचा तिरस्कार वाटतो आणि घरी परतताना ज्याचे कौतुक वाटते, तो खरा नट.

आता गाण्याविषयी. मणींचे सिनेमातले काम बाजूला ठेवले तरी चालकुडीच्या माणसाला त्यांची गाणी विसरता येणार नाहीत. केरळात 'नाटन् पाट्टु' म्हणजे लोकगीते. भातशेतात वाकून लावणी करणाऱ्या बायांची, मजुरांची, ताडी काढणाऱ्यांची, म्हणजे ज्यांना वर्णव्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवले त्या माणसांची ही गाणी. शास्त्रीय संगीताच्या मैफलींत त्यांना जागा नव्हती. मणी यांनी ही गाणी उचलली, कॅसेटवर आणली आणि आपल्या मोकळ्या, रांगड्या आवाजात घरोघर पोहोचवली. अरुमुखन वेंकिटंगु यांच्यासारख्या गीतकारांनी त्यांच्यासाठी याच चालीवर नवी गाणी लिहिली. वेंकिटंगु २०२२ मध्ये वारले. या गाण्यांत भूक होती, गरिबी होती, थट्टा होती, नवरा-बायकोची भांडणे होती. रिक्षात, चहाच्या टपरीवर, बसमध्ये या कॅसेट वाजत.

आपल्याला हे चित्र ओळखीचे नाही काय? वामनदादा कर्डक, लोकशाहीर विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज आपल्या वस्तीत असेच पोहोचले. रेडिओने बोलावले नाही तेव्हा कॅसेटने बोलावले. कॅसेट स्वस्त होती आणि तिला मोठ्या सभागृहाची परवानगी लागत नव्हती. एका टेपरेकॉर्डरभोवती सारी चाळ बसत होती. केरळच्या कष्टकऱ्यांनी मणींना याच वाटेने मोठे केले. फरक एवढाच की आपल्या गाण्यांत बाबासाहेब आले आणि गाणे चळवळ झाले.

केरळ म्हणजे शिकलेल्यांचे राज्य, तेथे जात नाही, असे आपल्याला कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. याच भूमीत १८९३ साली महात्मा अय्यनकाली यांनी बंदी असलेल्या रस्त्यावरून बैलगाडी हाकून सवर्णांना आव्हान दिले. याच भूमीत पहिल्या मल्याळम मूकपटाची नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री होती. तिने पडद्यावर नायर बाईचे काम केले म्हणून सवर्ण प्रेक्षक चवताळले आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. ज्या सिनेसृष्टीने पहिल्याच नायिकेला हाकलले, तिच्यात मणी वीस वर्षे ताठ उभे राहिले, हे लक्षात घेतले की त्यांच्या कामाचे मोल कळते.

आणि रंगाचा अपमान अजून संपलेला नाही. मणींचे बंधू आर. एल. व्ही. रामकृष्णन हे मोहिनीआट्टम नर्तक आहेत. २०२४ साली एका नृत्यशिक्षिकेने, काळ्या वर्णाच्या पुरुषाने हे नृत्य करू नये अशा अर्थाचे हीन उद्गार काढले. केरळभर संताप उसळला. ज्या केरळ कलामंडलम् या नामांकित संस्थेची परंपरा त्या बाई सांगत होत्या, त्याच संस्थेने रामकृष्णन यांना बोलावून त्यांचे मोहिनीआट्टम सादर करविले. २०२५ साली ते तेथेच भरतनाट्यमचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. एका मजुराच्या घरातून एक भाऊ पडद्यावर गेला, दुसरा शास्त्रीय नृत्याच्या व्यासपीठावर. आपल्या मुलींना 'काळी आहेस, स्टेजवर जाऊ नकोस' म्हणणाऱ्या मावश्या-आत्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

आता एक कटू गोष्ट. आम्ही या सदरात कुणाची नुसती आरती ओवाळत नाही. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध आपल्याला बजावून ठेवले आहे. ६ मार्च २०१६ रोजी कोचीच्या रुग्णालयात मणी यांचे निधन झाले. वय अवघे ४५. आदल्या दिवशी चालकुडी नदीकाठच्या आपल्या 'पाडी' या विश्रामस्थानी ते बेशुद्ध झाले होते. मृत्यूविषयी नाना शंका निघाल्या, २०१७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. शेवटी निष्कर्ष निघाला तो यकृताच्या जुन्या आजाराचा, आणि त्या आजाराच्या मागे दारू होती.

बंधू-भगिनींनो, पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात दर रविवारी म्हणतो. ते केवळ म्हणण्यासाठी नाही. मणींना पैसा मिळाला, कीर्ती मिळाली, दाराशी मदत मागणाऱ्यांची रीघ लागली आणि त्यांनी हात आखडता घेतला नाही. पण दारूने हिशेब करताना नट आणि नाका कामगार असा भेद केला नाही. आपल्या वस्तीतले किती ढोलकीवाले, किती गायक, किती बँडवाले असे चाळिशी-पंचेचाळिशीत गेले, ते बोटांवर मोजून पाहा. कार्यक्रम झाल्यावर कलावंताला बिदागीऐवजी बाटली देणारे आपणच असतो. कलावंतावर प्रेम असेल तर त्याच्या हातात पाकीट द्या, त्याच्या मुलांच्या शाळेची फी भरा, बाटली देऊ नका. कलावंताच्या पत्नीनेही बिदागीचा हिशेब बिनधास्त मागावा. त्यात लाज कसली?

मणींच्या अंत्यदर्शनाला चालकुडीत जनसागर लोटला. रिक्षावाले, मजूर, माथाडी, बाया-पोरी सारे रडले. २०१८ मध्ये विनयन यांनीच त्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन 'चालक्कुडिक्कारन चंगाति' म्हणजे 'चालकुडीचा दोस्त' हा चित्रपट काढला. नाव अगदी योग्य ठेवले. मणी आपल्या लोकांसाठी कधी 'स्टार' नव्हते, दोस्त होते.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरातल्या आजीला जात्यावरच्या, लग्नातल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या येत असतील. आजोबांना जलशातली गाणी पाठ असतील. ती आता कॅसेटचीही वाट बघत नाहीत, मुलांच्या मोबाइलवर सहज टिपून घेता येतील. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास त्यासाठी ठेवा. कोण गायले, गाणे कुठे शिकले, कोणत्या साली, हे वहीत नोंदवा. मणी यांनी आपल्या मातीतली गाणी घराबाहेर काढली म्हणून ती टिकली. आपली गाणी आजीबरोबर जाऊ देऊ नका.

आणि पुढच्या वेळी 'रोबोट' लागला, की मुलांना त्या हसणाऱ्या माणसाचे नाव सांगा: कलाभवन मणी, चालकुडीचा रिक्षावाला.

नमो बुद्धाय, जयभीम!