अमेरिकेतील गरिबी कोण ठरवते?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत जे घडले, ते तिथल्या अन्नसाहाय्य योजनेच्या इतिहासात आधी कधी घडले नव्हते. 'स्नॅप' या योजनेतून सुमारे ४ कोटी २० लाख लोकांच्या कार्डावर दर महिन्याला किराण्याचे पैसे जमा होतात. म्हणजे दर आठ अमेरिकनांमागे एक माणूस या योजनेवर अवलंबून आहे. त्या महिन्यात हे पैसे ठरल्याप्रमाणे जमा झाले नाहीत. देशात दुष्काळ नव्हता आणि दुकानात धान्यही भरपूर होते. खर्चाच्या विधेयकावर दोन पक्षांचे जुळले नाही म्हणून १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज बंद पडले होते. राखीव निधीतून पैसे द्यायचे की नाही, यावर सरकार न्यायालयात वाद घालत बसले. ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला तिढा सुटला. तोवर शहरोशहरी फूड बँकांपुढे लोक रांगा लावून उभे होते. त्या रांगांत नोकरी करणारी माणसेही होती.

जगातल्या सर्वात श्रीमंत देशात गरिबाची चूल पेटणार की नाही, हे बाजारातल्या धान्यावर नाही तर संसदेतल्या मतांवर ठरले. ही एक अपवादात्मक घटना म्हणून सोडून देता येत नाही. गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर अमेरिकेत गरिबी कुणाच्या वाट्याला यावी आणि किती यावी, हे वेळोवेळी कायद्यानेच ठरवलेले दिसते.

गरीब कोण?

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या अधिकृत मोजणीनुसार २०२४ मध्ये १०.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे ३ कोटी ५९ लाख माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. चार जणांच्या कुटुंबासाठी ही रेषा वर्षाला सुमारे ३२ हजार डॉलर आहे. रुपयांत ही रक्कम मोठी वाटते. पण तिथले घरभाडे, दवाखान्याचे बिल आणि पाळणाघराची फी भरायला गेले की ती किती तोकडी आहे ते कळते.

ही रेषा आली कुठून? १९६३ च्या सुमारास मॉली ओरशान्स्की या सरकारी संशोधक महिलेने एक सोपा हिशेब मांडला. त्या काळी कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग जेवणावर जाई. म्हणून सर्वात स्वस्त आहाराचा खर्च गुणिले तीन, ही दारिद्र्यरेषा ठरली. साठ वर्षांत घरभाडे आणि औषधोपचार कितीतरी महागले, पण मूळ हिशेब तोच राहिला. त्यात फक्त महागाईची भर पडत गेली. म्हणून आता कर, सरकारी मदत आणि घराचा खर्च धरून दुसरी, पूरक मोजणीही केली जाते. तिच्यानुसार २०२३ मध्ये गरिबांचे प्रमाण १२.९ टक्के होते.

एका वर्षाचा प्रयोग

गरिबीचा कायद्याशी काय संबंध, हे पाहायचे तर २०२१ सालाइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

अमेरिकेत मुले असलेल्या कुटुंबांना 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' नावाची करसवलत मिळते. तिच्यात एक मोठी मेख होती. ज्यांचे उत्पन्न फारच कमी, त्यांना कर जवळपास लागतच नाही, म्हणून सवलतही पूर्ण मिळत नाही. परिणामी ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच सर्वात कमी मदत. मार्च २०२१ मध्ये कोरोनाच्या संकटात संसदेने कायदा करून ही मेख काढली. सहा वर्षांखालील मुलामागे ३६०० डॉलर आणि त्याहून मोठ्या मुलामागे ३००० डॉलर, तेही सर्वात गरीब घरांना पूर्ण. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट बँक खात्यात येऊ लागले.

पूरक मोजणीनुसार २०२० मध्ये बालगरिबी ९.७ टक्के होती. २०२१ मध्ये ती ५.२ टक्क्यांवर आली. इतकी खाली ती कधीच आली नव्हती. त्या वर्षी सर्वांना मिळालेल्या एकरकमी मदतीचाही यात वाटा होता, पण मुलांच्या बाबतीत या सवलतीने मोठे काम केले.

योजना एका वर्षापुरतीच होती. ती पुढे चालू ठेवण्याचे विधेयक आले, तेव्हा सिनेटमध्ये दोन्ही बाजूंना ५०-५० मते होती. रिपब्लिकन पक्षाचे सगळे ५० सदस्य विरोधात होते. १९ डिसेंबर २०२१ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचेच सिनेटर जो मँचिन यांनी आपण पाठिंबा देणार नसल्याचे जाहीर केले आणि विधेयक बारगळले. २०२२ मध्ये बालगरिबी १२.४ टक्के झाली. एका वर्षात ५० लाखांहून अधिक मुले पुन्हा गरिबीत ढकलली गेली.

या मुलांचे आईबाप २०२१ मध्ये अचानक कष्टाळू झाले आणि २०२२ मध्ये अचानक आळशी झाले, असे कुणी म्हणू शकेल काय? बदलला तो फक्त कायदा.

म्हाताऱ्यांचे मत आणि मुलांचे मौन

मग असे कायदे टिकत का नाहीत? काही टिकतात. १९५९ मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरील ३५ टक्के लोक गरीब होते. आज हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे. सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेत वाढ झाली, १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही आरोग्य योजना आली. आजही सोशल सिक्युरिटी एकटी अडीच कोटींहून अधिक लोकांना गरिबीबाहेर ठेवते. या योजनांना हात लावायला दोन्ही पक्ष घाबरतात, कारण म्हातारी माणसे संघटित आहेत आणि हमखास मतदानाला जातात. मुलांना मत नाही आणि त्यांच्या गरीब आईबापांपैकी अनेक जण मतदान केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत.

ते का पोहोचत नाहीत, यालाही इतिहास आहे. दक्षिणेकडील अनेक राज्यांत मत द्यायला पैसे भरावे लागत. हा 'पोल टॅक्स' केंद्रीय निवडणुकांसाठी १९६४ च्या घटनादुरुस्तीने आणि राज्यांच्या निवडणुकांसाठी १९६६ च्या न्यायालयीन निकालाने गेला. पण त्याची सावली उरली. फ्लोरिडात २०१८ मध्ये जनतेने मोठ्या बहुमताने शिक्षा भोगून आलेल्या लाखो लोकांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने अट घातली की आधी न्यायालयाचा सगळा दंड आणि फी भरा, मग मत द्या. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही ही अट कायम ठेवली. शिवाय अमेरिकेत मतदान मंगळवारी असते आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. रोजंदारीवरच्या माणसाला मत देणे म्हणजे पगार बुडवणे.

वंश पुढे करून गरिबाला एकटे पाडणे

२०२३ मध्ये कृष्णवर्णीयांत गरिबी १७.९ टक्के होती, तर गोऱ्यांत ७.७ टक्के. हा फरक आपोआप पडलेला नाही. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा झाला, तेव्हा त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. त्यामुळे निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय कामगार बाहेर राहिले. त्याच दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांभोवती लाल रंग भरला. तिथे कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ होता. गोऱ्या कुटुंबांची घरे झाली, घरांच्या किमती वाढल्या, मुलांची शिक्षणे झाली. दुसऱ्यांच्या वाट्याला भाड्याची खोली आली.

पण एक गोष्ट नेहमी लपवली जाते. संख्येने पाहिले तर अमेरिकेतील गरिबांत गोरे लोक कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त आहेत. तरी गरिबीचा चेहरा काळाच रंगवला गेला. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका महिलेची कहाणी सभेसभेत सांगत. सरकारी मदत लुबाडून चैनीत जगणारी बाई, असे ते चित्र होते. 'वेल्फेअर क्वीन' हा शब्द तिथून रूढ झाला आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कृष्णवर्णीय स्त्री उभी राहू लागली. मदत घेणारा म्हणजे फुकट्या, आणि फुकट्या म्हणजे 'ते लोक', हे समीकरण पक्के झाले.

त्याचा कळस १९९६ मध्ये झाला, आणि तोही डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने. गरीब कुटुंबांना रोख मदतीचा जो कायदेशीर हक्क होता, तो गेला. त्याऐवजी राज्यांना वर्षाला १६५० कोटी डॉलर ठोक निधी मिळू लागला. महागाई वाढली तरी ही रक्कम आजवर वाढलेली नाही. १९९६ मध्ये मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत मिळे. २०२० मध्ये फक्त २१ कुटुंबांना मिळत होती.

उरलेला पैसा कुठे जातो, याचे एक उदाहरण मिसिसिपी राज्यात सापडते. हे देशातल्या सर्वात गरीब राज्यांपैकी एक, आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण इथेच सर्वाधिक. इथे गरिबांच्या निधीतले किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलत्याच कामांवर उधळले गेले. त्यातून एका विद्यापीठात व्हॉलीबॉलचे क्रीडागृहसुद्धा उभे राहिले. राज्याच्या कल्याण विभागाच्या माजी संचालकाने २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. फुकट्या म्हणून गरीब बाई बदनाम झाली आणि तिचा पैसा वरच्या लोकांनी नेला.

या बदनामीची किंमत गरीब गोऱ्यांनीही मोजली. बालगरिबीचे विधेयक अडवणारे मँचिन ज्या वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर होते, तिथे ९० टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत आणि ते राज्यही देशातल्या सर्वात गरीब राज्यांत मोडते.

लोकांना विचारले तर

मग अमेरिकन लोकांनाच गरिबांचे वावडे आहे काय? तसे म्हणता येत नाही. केंद्राचे किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकले आहे. मार्च २०२१ मध्ये ते १५ डॉलर करण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडली. पण त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी राज्याचे किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलर करण्याचा निर्णय घेतला होता. त्याच दिवशी त्याच राज्याने डोनाल्ड ट्रम्प यांनाही विजयी केले. गरिबांची आरोग्य योजना मेडिकेड वाढवायला नकार देणाऱ्या मिसुरी, ओक्लाहोमा, साउथ डकोटा या राज्यांत थेट जनमत घेतले गेले, तेव्हा लोकांनी होकार दिला. लोकांची इच्छा आणि प्रतिनिधींचे मत यांत ही दरी आहे. तिला कारणे आहेत. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानंतर निवडणुकीत कंपन्यांच्या पैशावरची बंधने सुटली, हे त्यातले एक मोठे कारण.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेला कायदा या दरीचाच परिणाम आहे. मेडिकेड घेणाऱ्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागणार आहे. स्नॅपसाठीची कामाची अट वयाच्या ६४ व्या वर्षापर्यंत वाढवली आहे. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या कायद्याने तळाच्या १० टक्के कुटुंबांचे वर्षाला सुमारे १२०० डॉलर जातील आणि वरच्या १० टक्क्यांना सुमारे १३,६०० डॉलर मिळतील. २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक आरोग्य विम्याबाहेर पडतील.

कामाची अट ऐकायला रास्त वाटते. पण २०१८ मध्ये आर्कान्सा राज्याने ती लावून पाहिली होती. काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांतले बहुतेक जण कामावर होते किंवा त्यांना नियमातच सूट होती. त्यांना कागद भरता आले नाहीत, इतकेच. शेवटी न्यायालयाने ही अट थांबवली.

आपला संबंध

हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरने १९६९ मध्ये वस्तीतल्या मुलांना मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये हत्या झाली, तेव्हा ते संपावरच्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहायला तिथे गेले होते. गोरे, काळे, मूलनिवासी, स्पॅनिशभाषक अशा सगळ्या गरिबांना एका मोर्चात आणण्याची त्यांची तयारी चालू होती. किंग गेले, मोर्चा निघाला, पण ती एकजूट टिकली नाही. २०१८ मध्ये पाद्री विल्यम बार्बर आणि लिझ थिओहारिस यांनी त्याच नावाने ती चळवळ पुन्हा उभी केली.

राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. अमेरिका आज त्याच विसंगतीत अडकली आहे. तिथे विषमता इतकी वाढली आहे की ती आता मतालाही पोखरू लागली आहे.

दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. गरिबीलाही हेच लागू होते. म्हणून गरिबीची कोणतीही बातमी वाचताना तरुण कार्यकर्त्यांनी चार प्रश्न विचारायची सवय लावावी. कोणता कायदा झाला किंवा रद्द झाला? त्यावर कोणी कसे मत दिले? कोणाला वगळले? आणि वगळलेल्यांना बदनाम करायला कोणती कहाणी सांगितली गेली? २०२१ च्या त्या एका वर्षाने दाखवले की बालगरिबी जवळपास निम्मी करता येते, तीही लगेच. ती तशी ठेवायला सिनेटमध्ये एक मत कमी पडले.