आमच्या बागेतले मोरोक्को

डोंबिवलीहून चाळीस पोरे लोकलने ठाण्यास नेणे हे काय प्रकरण आहे, ते ज्याने केले असेल त्यालाच ठाऊक. गेल्या थंडीत मी ते केले. कोलशेतची बाग मुलांना दाखवायची होती. तीच ती, २०२४ च्या फेब्रुवारीत मोठ्या थाटाने उघडलेली, ‘सेंट्रल पार्क’ म्हणून गाजत असलेली, वीस एकरांहून थोडी अधिक. मुले खूश झाली हे प्रथमच कबूल करतो. हिरवळ, पाणी, पळायला जागा! दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या पोराला आणखी काय हवे? ज्या शहरात मोकळा तुकडा दिसला की त्यावर इमला चढतो, तिथे एवढी जागा मोकळी राहिली ह्याचा आनंद मलाही झाला.

पण बागेत चार देश मांडून ठेवले आहेत. मोगल, चिनी, जपानी आणि मोरोक्कन. एका मुलीने माझी बाही ओढून विचारले, “गुरुजी, मोरोक्को कुठे असतं?” मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत पोहोचायला मला क्षणभर लागलेच. तिचा दुसरा प्रश्न तयार होता : “मग त्यांच्याकडे आपली बाग आहे का?”

वाचकहो, ह्या प्रश्नाला उत्तर द्या, मी लेखणी खाली ठेवतो.

बागेला नाव दिले न्यूयॉर्कचे. त्याला माझी हरकत नाही, नाव घेतले तसा धडाही घेतला असता तर. ओल्मस्टेड आणि व्हॉक्स ह्या दोघांनी १८५८ साली स्पर्धा जिंकून त्या बागेचा आराखडा केला. आठशेहून अधिक एकरांची ती बाग. इंग्रजी बागांचे वळण त्यांनीही उचलले होते, ते सोवळे नव्हते. शिवाय त्या जागेवर राहणाऱ्या कृष्णवर्णीय वस्तीला १८५७ मध्ये उठवण्यात आले, हा डागही त्या हिरवळीखाली आहेच. पण मॅनहॅटनच्या भूमीतून वर आलेला कातळ त्यांनी उघडा ठेवला, आणि गाड्यांचे आडवे रस्ते खाली खणून नेले, म्हणजे फिरणाऱ्याच्या नजरेत गाडी येऊ नये. त्या बागेत शिरायला तिकीट नाही. आम्ही नाव उचलले, आणि दाराशी तिकिटाची खिडकी बसवली!

कोलशेत म्हणजे उल्हासची खाडी. कल्याणच्या दुर्गाडीखालून वाहणारे पाणीच पुढे तिथे येते. खाजण, तिवरे, होडी, जाळे, आगरी-कोळ्यांची गावे, हे सारे हाकेच्या अंतरावर असताना कल्पना मात्र विमानाने आणावी लागली. बाग एका बांधकाम कंपनीने उभारून महापालिकेच्या हाती दिली. बांधणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो विकायच्या घराचा नमुना दाखवतो तसाच देशाचाही दाखवणार. प्रश्न हा, की आराखडा मान्य करणाऱ्या टेबलाशी एखादा शिल्पकार वा चित्रकार बसवावा असे कुणाला सुचते काय?

माणसे नव्हती असे म्हणायची सोय नाही. गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ पासून उभा असलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला, ते सदाशिव साठे कल्याणचे. डोंबिवलीत त्यांनी आपल्या शिल्पांचे शिल्पालय उभे केले. २०२१ साली ते गेले. अंबरनाथला शिलाहारांचे देऊळ आहे, शके ९८२ चे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर हात फिरवून पाहा, दगड कसा बोलता करतात ते कळेल. आणि वारली? जिव्या सोमा मशे ज्या डहाणूचे, ते डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. सुवासिनींनी लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायची ती कला ह्या माणसाने जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लगेच कुणी साचा कापून प्रत्येक कुंपणावर तारपा नाच छापायला धावू नये. तो प्रकार मी पुलांखाली आणि मुताऱ्यांवर पाहिला आहे. ती कला नव्हे, तो शिक्का. वारली हवी तर वारली माणसाला बोलवा, भिंत त्याच्या हाती द्या, मोबदला द्या, आणि त्याने काय काढावे हे सांगू नका.

“मास्तर, लोकांना परदेश आवडतो, फोटो काढतात,” असे माझा एक मित्र म्हणतो. खरे आहे. माझ्या पोरांनीही काढले. पण आवड ही समोर ठेवलेल्या ताटावर ठरते. ज्याने बकुळीखालची सावली वा फुललेला ताम्हण बागेत कधी पाहिलाच नाही, तो निवड कशातून करणार? सौंदर्य म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गावचे, ही समजूत नवव्या वर्षी बसली की ती पुसायला माझ्याकडे खडू-फळ्याखेरीज काही नाही.

कल्याण-डोंबिवलीत आणखी बागा होतील, व्हायलाच हव्यात. माझे मागणे थोडे आहे. आराखडा मंजूर होण्यापूर्वी महिनाभर तो स्टेशनात जिन्यापाशी लावा. शिल्पांसाठी खुली स्पर्धा घ्या आणि परीक्षकांत शिल्पकार असू द्या. मुलांना तिकीट लावू नका. आराखडा लावलात की मला कळवा, मी ती चाळीस पोरे घेऊन येतो. ती बाही ओढणारी पुढे असेल.