निकितिनच्या वहीतलं जुन्नर

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथेच अडकला. चिखल, हरभऱ्यावर पोसले जाणारे घोडे, आणि धर्म बदल म्हणून जुन्नरचा अंमलदार असदखान याने काढून घेतलेला त्याचा स्वतःचा घोडा, हे सारं त्याने लिहून ठेवलं. जुन्नरजवळच्या आळेफाट्याच्या मुलांना वास्को द गामाचं 1498 पाठ असतं; शेजारी राहून गेलेला हा पाहुणा मात्र अनोळखी. म्हणून या अंकाचा विषय आहे, विद्यार्थ्यांनी लिहिलेली प्रवाशांची रोजनिशी.

कल्पनेच्या भरात इतिहास हरवेल, हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. पण रोजनिशी लिहायची तर वाट कुठली, घोडा काय खातो, पाऊस किती टिकतो, हे शोधावंच लागतं. थाप लगेच उघडी पडते. प्रत्येक नोंदीसमोर पुरावा आणि कल्पित भाग वेगळ्या शाईत, एवढी शिस्त पुरे. शिवाय निकितिनला जे दिसलं नाही ते एखाद्या जुन्नरी मोतद्दाराच्या नजरेने लिहून पाहावं. परक्याचा शब्द अंतिम मानायची आपली खोड त्याने जरा सुटेल. शिक्षकहो, वर्गातली अशी पानं, फसलेलीसुद्धा, आमच्याकडे जरूर पाठवा.