लोकसंख्येचा नकाशा आणि सरासरीचा पडदा

आपली रयत कोठें व कशी राहते हें ज्या राज्यकारभारास नीट ठाऊक नाहीं, त्याची सदिच्छा कितीही थोर असली तरी तिचा उपयोग थोडाच. शिरगणतीचे आंकडे नकाशावर रंगवून दाखविण्याची युक्ति या अज्ञानावर उतारा आहे खरी. शार्ल द्यूपां या फ्रेंच गणितज्ञानें १८२६ सालीं लोकशिक्षणाचें प्रमाण काळ्या-पांढऱ्या छटांनीं नकाशावर मांडलें, तेव्हां देशाचा कोणता भाग मागें पडला आहे हें पाहणारास एका दृष्टिक्षेपांत दिसलें. परंतु असा नकाशा जितका बोलका, तितकाच फसवाही होऊं शकतो. आणि त्याचें उदाहरण आमच्या घरांतच आहे.

२०११ च्या शिरगणतींत ठाणें जिल्ह्याची वस्ती १ कोटि १० लाखांवर भरली. इतकी हिंदुस्थानांतील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याची नव्हती. दर चौरस किलोमीटरास सरासरी १,१५७ माणसें पडलीं, आणि जिल्हावार नकाशांत सर्व जिल्ह्यास एकच गडद रंग मिळाला. कल्याण-उल्हासनगरच्या दाट वस्तीस जो रंग, तोच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील विरळ पाड्यांस! १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. पण त्यांतही वसई-विरार आणि मोखाडा एकाच रंगाखालीं आले. रेघ सरली, पडदा मात्र उठला नाहीं.

हा केवळ रंगाचा वाद नव्हे. मैदानी मुलखांत ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी मुलखांत २०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असें सरकारी प्रमाण आहे. हें प्रमाण डोकीं मोजतें, अंतर मोजीत नाहीं. अडलेल्या बाळंतिणीस डोलींतून किती कोस न्यावें लागतें, हें जिल्ह्याच्या सरासरींत कोठेंच दिसत नाहीं.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. २०२१ सालीं व्हावयाची शिरगणती वेळेवर झाली नाहीं. २०११ नंतरची गणती जेव्हां पुरी होईल तेव्हां तिचे नकाशे तालुकावार व गांववार काढावे, निर्मनुष्य जंगल वगळून दाटी दाखवावी, आणि ते मराठींत छापून प्रत्येक ग्रामपंचायतींत लावावे. ज्याच्याविषयीं निर्णय व्हावयाचा त्याचें म्हणणें आधीं ऐकावें, हें न्यायाचें आद्य तत्त्व होय. नकाशांत आपला पाडा चुकला असेल तर तें सांगण्याचा हक्क पाड्यांतील माणसास मिळालाच पाहिजे.