‘छान आहे’ म्हणण्यापूर्वी

गेल्या भाद्रपदात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात हौशी छायाचित्रांचे एक छोटेखानी प्रदर्शन भरले होते. सभागृहात आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो अडकवलेले, आणि प्रत्येकाखाली एक कोरी चिठ्ठी. बक्षीस कोणालाच नव्हते. परीक्षकाने प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचा अभिप्राय लिहावा, एवढीच योजना. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षे मुलांच्या वह्यांवर शेरे मारलेला माणूस फोटोंवरही सहज मारील, असा कार्यकर्त्यांचा हिशेब, आणि तो मलाही मनातून पटला होता, हे कबूल केले पाहिजे.

त्रेचाळीस चित्रे होती आणि आरतीला दीड तास होता. म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला दोन मिनिटे. त्यांत सुरसागरावरचे सूर्यास्तच सात. शंकराची मूर्ती मध्ये, मागे तांबडे आभाळ, पाण्यात प्रतिबिंब. तिसऱ्या सूर्यास्तापासून माझी लेखणी आपोआप चालू लागली : ‘रंगसंगती छान.’ ‘छान.’ ‘प्रयत्न चांगला.’ एकोणिसाव्या चित्रापाशी आलो तेव्हा, आपण काहीतरी कडक लिहायला हवे, नाहीतर परीक्षक कसले, असा विचार मनात आला असावा. ते चित्र एका स्वयंपाकघरातले होते. ओट्याशेजारी खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ लसूण सोलीत बसलेले. उजव्या हाताच्या खिडकीतून ऊन आलेले, त्यामुळे अर्धा चेहरा उजळलेला आणि उरलेला अर्धा पार काळोखात. मी लिहिले, ‘प्रकाशयोजना चुकली आहे. निम्मा चेहरा अंधारात गेला. खिडकीकडे तोंड करून बसवायला हवे होते.’ आणि विसाव्याकडे वळलो.

आरतीनंतर प्रसाद घेताना पन्नाशीच्या पुढच्या एक बाई जवळ आल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते.

“सर, तुमचं बरोबर आहे, उजेड एकाच बाजूला आहे. पण झटका आल्यापासून यांच्या चेहऱ्याची डावी बाजू उतरली आहे. ‘ती दिसू देऊ नकोस’ असं यांनीच सांगितलं, म्हणून खुर्ची तशी फिरवली. लसूणही डॉक्टरांनीच सांगितलाय, बोटांना व्यायाम म्हणून.”

मी काहीतरी पुटपुटलो. दुसऱ्या दिवशी दोरीवर चित्र होते, चिठ्ठी नव्हती. त्यांनी ती काढून नेली होती की एखाद्या कार्यकर्त्याने, ते मी विचारले नाही.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे, आणि आज या पानावर तो घेण्याचे कारण असे की, आता परीक्षकाचे काम आपणा सर्वांकडेच आले आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. भाचा बंगळूरहून फोटो पाठवतो, सूनबाई नातवाचे पाठवते, शेजारच्या वहिनी गच्चीतल्या मोगऱ्याचे दाखवतात, आणि ‘कसा आलाय?’ असे विचारतात. त्यावर आपण ‘छान’ म्हणतो, किंवा तेही कष्ट नको म्हणून अंगठा उंचावल्याचे चित्र धाडून देतो. मला वाटते, ‘छान’ हा पुष्कळदा अभिप्राय नसून सुटका करून घेण्याची रीत असते. आणि माझी एकोणिसावी चिठ्ठी? तीही त्याच कुळातली. दोन्हींत चित्र पाहिलेले नसते. गोड शेरा आळसातून येतो, कडू शेरा बहुधा ऐटीतून.

खरे म्हणजे मला हे ठाऊक असायला हवे होते. १९७४ साली वडिलांनी आगफा क्लिक थ्री कॅमेरा आणून दिला. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, आणि ते बारा दोन महिने पुरवायचे. रोल धुवायला रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत टाकीत असे. तेथले काका गुजराती होते, बोलणे मोजके. पाकीट हातात देण्यापूर्वी ते एखादा फोटो बाहेर काढून काउंटरवर ठेवीत आणि विचारीत, “आ केम पाड्यो?” हा का काढलास? पहिल्या वेळी मला वाटले, रागावले. मग कळले की त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असे. मी सांगे, “काका, तो घोडा डोके हलवत होता, ते मला आवडले.” ते म्हणत, “मग यात घोडा कुठे आहे? यात टांगा आहे, टांगेवाला आहे, पानाची टपरी आहे.” मग खणातून जाड पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे काढीत. ते दोन काटकोन एकमेकांवर उलटसुलट ठेवले की लहानमोठी होणारी चौकट तयार होते. ती माझ्या फोटोवर सरकवीत सरकवीत घोड्याच्या मानेपाशी आणून थांबवीत. “हा बघ तुझा फोटो. फक्त तू चार पावले लांब उभा राहिलास.”

त्या माणसाने मला कधी ‘छान’ म्हटले नाही आणि कधी ‘वाईट’ही म्हटले नाही. मला काय दिसले होते ते आधी विचारायचे, आणि ते कागदावर कितपत उतरले ते दाखवायचे, एवढेच त्यांचे काम. पुठ्ठ्याचे ते काटकोन आजही कोणालाही घरी करता येतात. लग्नपत्रिकेचा कागद उत्तम चालतो.

आता दोष दाखवायचाच असेल तर तो नीट ओळखून दाखवावा. ‘फोटो हललाय’ हे आपले लाडके वाक्य. पण हलले कोण? सारे चित्रच एका दिशेला ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला. आजीचा चेहरा धूसर आणि मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर मात्र तारखांसकट स्वच्छ, तर हात स्थिरच होता, कॅमेऱ्याची नजर भलतीकडे गेली. भिंत, दार, बघ्यांचे चेहरे सारे स्पष्ट आणि फक्त फुगडी घालणाऱ्या मुलींचे पदर पुसट, तर शटर क्षणभर जास्त उघडे राहिले. आणि तो दोषच आहे असे मी तरी म्हणणार नाही, फुगडी तशीच दिसते. सगळ्या चित्रावर दुधाची साय धरल्यासारखे असेल आणि समईच्या ज्योतीभोवती उजेडाचे फराटे असतील, तर मोबाइलच्या भिंगावर बोटांचे तेल लागले आहे. मऊ सुती कापडाने पुसले की काम झाले. या चार गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो आणि विचारणारा होता तेथेच राहतो.

तसेच खिडकीचे. खिडकीकडे पाठ करून बसवलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, कारण कॅमेरा खिडकीचा लखलखाट मोजतो आणि त्या मानाने सगळे अंधारवतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की तो चेहऱ्यापुरता उजेड धरतो. हे सांगायला अर्धे मिनिट लागते. ‘उजेड कमी पडला’ एवढेच म्हटले तर पुढच्या वेळी तो बिचारा फ्लॅश लावील आणि सगळ्यांचे चेहरे पापडासारखे सपाट करून आणील. बाळाचे नाक फार मोठे आले, अशी तक्रार घेऊन एक भाची आली होती. बाळाच्या नाकाचा त्यात काही अपराध नव्हता. हातभर अंतरावरून घेतला की मोबाइलमध्ये कोणाचेही नाक पुढे येते. दोन पावले मागे सरून घेतला, नाक जागेवर गेले.

मात्र दोष आणि आवड यांत गल्लत होऊ नये. वाकडे क्षितिज, पाय तोडलेला समूह, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, हे दोष बहुधा दोष असतात, आणि छायाचित्रकाराला दाखवले की तो स्वतःच हसतो. पण ‘मला काळेपांढरे आवडत नाही’, ‘फुलात भुंगा हवा होता’, ‘तुम्ही देवळाचा कळस घ्यायचा सोडून पायरी काय घेतली?’ हा झाला आपला फोटो, त्याचा नव्हे. माझ्यासारख्या मास्तरांना ही खोड फार. मुलाच्या चित्रात आपल्या पेन्सिलीने झाड काढून देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. झाड सुरेख असे, आणि मूल त्या चित्राकडे पुन्हा पाहत नसे.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या मंडळाने यंदापासून करावी असे मी सुचवले आहे : चित्रावरचे नाव झाकून ठेवावे. आमच्या गावाला हे पटायला जड जाऊ नये. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आयुष्याच्या अखेरच्या काळात बडोद्यातच राहत होत्या. २०१२ साली त्यांचे निधनही येथेच झाले. नवसारीला १९१३ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण. आरंभीच्या काळात त्यांची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. बाईने काढलेला फोटो म्हटल्यावर पाहणाऱ्याची नजर बदलली असती, आणि नाव पुरुषाचे म्हणून ती बदलली नाही. आपल्याकडे उलटेही घडते. अध्यक्षांच्या चिरंजिवांचा सूर्यास्त इतर सहांहून थोडा अधिक तांबडा दिसतो. मला दिसला होता.

असो. एकोणिसाव्या चित्राकडे परत येतो.

दिवाळी उलटल्यावर मी त्या बाईंच्या घरी गेलो. गृहस्थ त्याच खुर्चीवर होते. मी क्षमा मागायला आलो आहे हे कळल्यावर दोघेही संकोचले. बाईंनी चहा ठेवला आणि विषय टाळण्यासाठी हवेच्या गोष्टी काढल्या. शेवटी मीच म्हटले, “तो फोटो पुन्हा एकदा दाखवता? या वेळी मी बसून पाहतो.” त्यांनी मोबाइल पुढे केला. मी पाच मिनिटे काही बोललो नाही. अंधारातली बाजू आता मला रिकामी वाटेना. तेथे काहीतरी राखून ठेवले आहे, असेच वाटे. उजेडातला डोळा खाली लसणीवर खिळलेला. डावा हात नुसता पाकळी धरून, उजवा साल ओढतो आहे. आणि हवेत, खिडकीच्या उन्हात, एक साल तरंगते आहे. पहिल्या दिवशी ती मला दिसलीच नव्हती.

“एक गोष्ट सांगू का?” मी भीत भीत म्हटले. “डाव्या कोपऱ्यात ओट्यावर ते स्टीलचे पातेले आहे ना, त्यावर ऊन चमकते. नजर सारखी तिकडे पळते.”

बाईंचा चेहरा एकदम खुलला. “सर, मलाही ते पहिल्यापासून खटकत होतं! म्हणून तर तुमची चिठ्ठी वाचायला धावले. वाटलं, पातेल्याबद्दल काही लिहिलं असेल.”

आम्ही बोटाने पातेले झाकून पाहिले. कडेने कापले तर कोपर जात होता, म्हणून कापायचे नाही असे त्यांनी ठरवले. मला कापावे असे वाटत होते, बोललो नाही. फोटो त्यांचा होता. मग त्यांनी आणखी दहाबारा दाखवले. त्यांतले चार साधारण होते, आणि तसे का वाटले ते मी सांगितले. दोन फार चांगले होते, तेही सांगितले, आणि त्यांतले नेमके काय चांगले ते शोधायला दोषांपेक्षा जास्त वेळ लागला.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी बाईंचा निरोप आला, येऊन जा म्हणून. पातेले हलवून त्यांनी तोच फोटो पुन्हा काढला होता. तीच खिडकी, तीच खुर्ची, तेच ऊन, ओटा स्वच्छ पुसलेला. दोन्ही चित्रे त्यांनी छापून आणली होती. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, “कोणता?”

गावभर पतंगांचा गलका चालला होता. मी दोन्ही चित्रांकडे बराच वेळ पाहिले. दुसऱ्यात दोष काढायला जागा नव्हती, तरी माझी नजर पहिल्याकडेच जात होती आणि कारण सांगता येईना. तेव्हा मी ती दोन्ही उचलून खुर्चीवरच्या गृहस्थांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग पहिल्यावर अंगठा ठेवला.

“हा,” ते जरा अडखळत म्हणाले. “यात मी लसूण सोलतोय. त्यात फोटो काढून घेतोय.”

बाईंनी दुसरा फोटो परत पाकिटात घातला.