दूध सभासदाचे, नोंद गायीची नाही

एप्रिलच्या दुपारी शिरोळ-हातकणंगलेकडच्या एखाद्या पत्र्याच्या गोठ्यात डोकावले, तर एचएफ संकरित गाय तोंड उघडे टाकून धापा टाकताना दिसते. पुढ्यातले उसाचे वाडे तसेच पडलेले असते. त्याच गोठ्यात दुसऱ्या टोकाला बांधलेली खिल्लार मात्र निवांत रवंथ करत असते. मालक म्हणतो, ‘देशी जनावर काटक.’ खरेच आहे. पण प्रत्येक खिल्लार सारखीच काटक असते का?

नसते. वशिंडाच्या गायींच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या व दाट, केस आखूड, चयापचय संथ. शिवाय उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ती सावरणारी ‘हीट शॉक’ प्रथिने असतात. ती बनवणाऱ्या जनुकांत एकाच जातीच्या दोन गायींतही फरक आढळतो. कधी एक बदलही पुरतो. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गायीत प्रोलॅक्टिनशी संबंधित जनुकातले एकच अक्षर गळाले आणि अंगावरचे केस आखूड, तुळतुळीत झाले. हे कारण २०१४ मध्ये उलगडले. (म्हशीचे गणित वेगळे. काळी कातडी, कमी घामग्रंथी, तिला पाणीच हवे. त्यावर पुन्हा कधीतरी.)

देशी गायीच्या जाहिरातीत न सांगितली जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. ती कमी तापते याचे एक कारण ती दूध कमी देते, हेही आहे. दूध तयार होताना शरीरात उष्णता निर्माण होतेच. म्हणून शोधायची ती त्यातल्या त्यात बरे दूध देऊनही मे महिन्यात न तापणारी गाय.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौचिप’चे लोकार्पण झाले. ही चिप जनुकांमधली हजारो ठिकाणे वाचते. पण त्यातले कोणते अक्षर उन्हाळ्यात दूध टिकवते, हे चिपला आपसूक कळत नाही. गोठ्यातल्या नोंदी तिच्यासमोर ठेवाव्या लागतात. आणि खिल्लारच्या अशा नोंदी ठेवायची आपल्याकडे रीतच नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवल्यावर बैलाच्या पळण्याला मोल आले. त्याच्या आईच्या दुधाची चौकशी कोण करतो?

सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतल्या गायींसाठी दररोज ५० रुपये अनुदान ठरवले. सांभाळ व्हावाच. पण जातीची सुधारणा गाभण राहणाऱ्या, वासरे देणाऱ्या गायींतून होते, आणि त्या शेतकऱ्याच्या दावणीला आहेत. या खर्चातला काही वाटा तिकडे वळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरला हे तुलनेने सोपे आहे. ‘गोकुळ’ १९६३ पासून आहे, गावोगावी दूध संस्था आहेत, रोज दोन वेळा माप होते. मात्र संस्थेच्या पुस्तकात सभासदाचे दूध असते, कोणत्या गायीचे किती ते नसते. गायीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला आहेच. त्या क्रमांकापुढे महिन्यातून एकदा तिचे दूध, व्याल्याची तारीख आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी मिनिटाला किती श्वास, एवढे लिहायचे. श्वास मोजायला यंत्र लागत नाही. कुशीची हालचाल बघत घड्याळ लावून एक मिनिट उभे राहायचे, एवढेच.