प्री-एक्लाम्पसिया : बीपी वाढण्याआधीच सुरू होणारा आजार

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने प्री-एक्लाम्पसियाचा धोका सांगणाऱ्या रक्तचाचणीला प्रथमच मान्यता दिली. रक्तदाब वाढल्याने रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवतीचा आजार पुढील दोन आठवड्यांत गंभीर होईल का, याचा अंदाज त्यातून येतो. मात्र ही चाचणी २३व्या आठवड्यानंतरची आहे. आजाराची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

बाळाचा निम्मा जनुकीय वारसा वडिलांचा असतो. आईच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ते अर्धे परकेच. तरीही ती त्याला सामावून घेते. गर्भाशयातील ‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी तर वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंद करायला मदत करतात. हे जुळून आले नाही, तर वाहिन्या अरुंद राहतात आणि वारेला रक्त कमी पडते. अशी वार आईच्या रक्तात अपायकारक प्रथिने व पेशींचे सूक्ष्म तुकडे सोडते. त्यामुळे पांढऱ्या पेशी खवळतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, रक्तदाब चढतो. मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूवरही परिणाम होतो.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर रेडमन यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये मांडले, की अशी सौम्य दाहक प्रतिक्रिया प्रत्येक गरोदरपणात असते. या आजारात ती हाताबाहेर जाते. पहिलटकरणींना आणि ल्युपससारखे आजार असलेल्यांना धोका जास्त का, याचे काही उत्तर प्रतिकारशक्तीच्या या वागण्यात मिळते.

म्हणूनच प्रतिबंधाची वेळ पहिल्या काही महिन्यांतच असते. २०१७ च्या ‘अस्प्रे’ अभ्यासात जास्त धोका असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले. ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्री-एक्लाम्पसियाचे प्रमाण त्यांच्यात १.६ टक्के राहिले. ॲस्पिरिन न मिळालेल्यांत ते ४.३ टक्के होते. अर्थात, ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

पाचव्या महिन्यात नाव नोंदवणाऱ्या गर्भवतीची ही संधी बहुतांशी हुकलेली असते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवीची तपासणी, हे महागड्या चाचणीआधी व्हायला हवे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी मोफत होते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हा धोका संपलेला नसतो.